परत येण्याचा पुरावा

रिठद,
१५ एप्रिल २०२६

प्रिय स्नेहा,

सप्रेम जयभीम. हे पत्र तुझी आई स्वतःच्या हाताने तुला देईल. टपालावर माझा भरवसा नाही, मोबाइलवर तर नाहीच नाही. पाकीट दोनदा चिकटवलं आहे आणि जोडावर आडवी सही केली आहे. सही तुटलेली दिसली तर वाटेत कोणीतरी वाचलं असं समज, आणि ते कोणीतरी म्हणजे तुझी आईच. विमानात दुसऱ्या कोणाला माझ्या पत्रात रस असणार?

तिला जर्मनीचा व्हिसा मिळाला आणि मला नाही, हे तिने तुला फोनवर सांगितलंच असेल. कसं घडलं ते मात्र तिने तिच्या सोयीने सांगितलं असणार, म्हणून मी क्रमाने लिहितो. फेब्रुवारीत मुंबईला जाऊन आम्ही दोघांनी दहाही बोटांचे ठसे दिले. मार्चमध्ये पासपोर्ट घरी आले. तिच्या पासपोर्टात रंगीत व्हिसा चिकटवलेला, माझ्यात घडी घातलेला एक कागद. कागदावर नकाराच्या कारणांची छापील यादी आणि एकाच चौकोनात खूण. मुदत संपण्याआधी हा अर्जदार परत जाईल याबद्दल वाजवी शंका आहे, असा त्याचा अर्थ. मी तो कागद तीनदा वाचला. एकतीस वर्षं रिसोडच्या तहसीलमध्ये मी दाखल्यांच्या टेबलावर बसलो. रहिवासी, उत्पन्न, जात, कोणताही अर्ज येवो, मी आधी त्यात त्रुटी शोधायचो. लोक पाठीमागे मला त्रुटीसाहेब म्हणायचे आणि मला त्याचं वाईट वाटत नसे. शंका घेणं हे माझं काम होतं. माझ्यावर कोणी शंका घेईल, आणि तीही वाजवी, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

पहिला संशय मी फुलचंदवर घेतला. शेलूबाजारच्या चौकातलं त्याचं दुकान तू पाहिलेलं नाहीस. पुढच्या भागात जीपचं बुकिंग, मागच्या भागात पासपोर्ट आणि व्हिसाचे अर्ज. एकाच माणसाला माणूस मंगरूळपीरलाही पोचवता येतो आणि जर्मनीलाही, ही गोष्टच मला पहिल्यापासून खटकत होती. त्याने माझे काही कागद गाळले असावेत, अशी माझी खात्री झाली.

दुसरा संशय तुझ्यावर घेतला. रागावू नकोस, पुढे वाच. तू तिकडच्या कार्यालयात जाऊन आमच्या खर्चाची हमी लिहून दिलीस, निमंत्रण पाठवलंस, सगळं बरोबर. पण त्यात मुक्काम लिहिलास चाळीस दिवसांचा. नियमाने नव्वद दिवस राहता येतं, मी स्वतः वाचलं आहे. मग चाळीस कशाला? साडेचार वर्षं तू माझ्याशी थेट बोललेली नाहीस. आईला फोन करतेस, मी खोलीत आलो की छोट्या मैत्रीला, माझ्या नातीला, बोलायला लावतेस आणि स्वतः बाजूला होतेस. पोरगी तीन वर्षांची झाली, तिचा आजा अजून फोनच्या काचेतच आहे. तुला आई हवी आहे आणि मी नको आहे, निमंत्रणात दोघांची नावं लोकलाजेपोटी घातलीस, असं माझ्या डोक्याने घेतलं. हमीपत्रात तूच काही मेख मारली असशील, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

मग फुलचंदला जाब विचारायला मी शेलूबाजारला गेलो. तो भांडला नाही. त्याने माझ्या फाइलची प्रत काढून टेबलावर ठेवली, एकही कागद गाळलेला नव्हता. उलट त्याने नको म्हटलेले कागदही मी हट्टाने लावायला सांगितले होते. त्याने एकेक पान उलटलं. तीन एकर शेत तुझ्या भावाच्या, संघदीपच्या नावे केल्याचा फेरफार, जानेवारीतला. विहार समितीच्या खजिनदारपदाचा राजीनामा, मंजुरीच्या ठरावासह. पतसंस्थेतलं खातं बंद केल्याचा दाखला. पेन्शनर संघटनेच्या चाव्या आणि कपाट दुसऱ्याच्या ताब्यात दिल्याची यादी, दोघांच्या सह्यांनिशी. मी ते सगळं मोठ्या अभिमानाने जोडलं होतं. बघा, या माणसाच्या मागे कोणाची बाकी नाही, कसलं लचांड नाही, असं त्या साहेबांना कळावं म्हणून.

फुलचंदने फाइल मिटली आणि म्हणाला, "काका, तुमी तं सारं आवरून निंगाले. अशी फाइल परत येनाऱ्या मानसाची नसते."

 तुला माहीत आहे, आपल्याकडे लांबच्या वाटेला निघताना माणूस निरवानिरव करून जातो. माझे वडील बुद्धगयेला निघाले तेव्हा त्यांनी चारही भावांना वाटण्या करून दिल्या, शेळी शेजारच्या लिलाबाईला देऊन टाकली आणि गावभर फिरून सगळ्यांची माफी मागितली. एकवीस दिवसांनी परत आले तेव्हा शेळी मागायला त्यांनाच लाज वाटली. लिलाबाईनेच ती आणून दावणीला बांधली. त्यात नोकरीने माझ्या अंगात आणखी एक खोड घातलेली, चार्ज दिल्याशिवाय जागा सोडायची नाही. मी जर्मनीला निघालो तो असा, चार्ज देऊन. जो परदेशी साहेब माझी फाइल वाचत होता, त्याने त्याच्या टेबलावर बसून तेच केलं जे मी एकतीस वर्षं केलं. कागद खरे होते. त्यावरून जे दिसत होतं तेच त्याने लिहिलं.

आणि तुझ्या आईची फाइल? एवढीशी. घरकुल तिच्या नावावर आहे, तो उतारा. पासबुक. आणि बचत गटाच्या बायकांनी वहीच्या पानावर केलेला ठराव. अध्यक्ष भागिरथाबाई मुलीकडे जात आहेत, सत्तावीस मेपर्यंत त्यांची रजा मंजूर, गटाची पुढची सभा त्या परत आल्यावरच घ्यावी, तोवर शिक्का कोणी वापरू नये. खाली अकरा सह्या, दोन अंगठे आणि तो गोल शिक्का. हा कागद बघून मी हसलो होतो. म्हटलं, हे काय कायदेशीर आहे का. फुलचंदने त्याचंही इंग्रजी करून लावलं. तेरा बायका जिची वाट पाहत बसणार आहेत तिच्यावर कोण शंका घेईल?

आता तिच्याबद्दलच्या सूचना, कारण ती तुला काही सांगणार नाही. तिथल्या विमानतळावर उतरल्यावर पुन्हा ठसे आणि फोटो घेतात. मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह वरच्या कप्प्यात आहेत. विम्याचा कागद, तुझं निमंत्रण आणि परतीचं तिकीट हिरव्या पिशवीत. काहून आल्या, असं विचारलं तर काय सांगायचं हे मी तिच्याकडून रोज घोकून घेत होतो. मी खुर्चीवर बसून साहेब व्हायचो, ती दाराशी उभी राहून उत्तर द्यायची. दोन दिवस तिने ऐकलं, तिसऱ्या दिवशी म्हणाली की नातीले पाह्याले आली, आनखी काय सांगायचं असते. दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत, म्हणून तूप नेऊ नकोस असं मी चारदा बजावलं. कुरडया, तुरीची डाळ आणि लाल तिखट आहे. काल जयंतीची मिरवणूक आटोपल्यावर ती वस्तीत निरोप घ्यायला गेली, तेव्हा मी तिची बॅग उघडली. माझा संशय खरा निघाला. साड्यांच्या घड्यांत तुपाची बरणी होती.

मी ती बाहेर काढत असतानाच ती आली. मी चांगलाच तापलो. एका बरणीपायी साहेब अडवतील, चौकशी लावतील, तुला परत पाठवतील, मग कळेल, असं बरंच बोललो. तिने बरणी माझ्या हातातून घेऊन फळीवर ठेवली आणि मला म्हणाली, "तुमी पोरीकडून स्टॅम्पावर लिहून घेतलं होतं, परत येईन म्हनून. आता त्या साहेबानं तुमाले लिहून देल्लं. झाली फिट्टंफाट. मंग काहून चरफडून राह्यले?"

मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला सांगू नकोस असं तू तिला म्हणाली होतीस. ते चाळीस दिवस म्हणजे तुझी रजा आहे. दोन वर्षं एकेक दिवस राखून तू ती जोडलीस, आम्ही असू तेवढे सगळे दिवस घरी राहता यावं म्हणून. एका कारकुनाला शिल्लक रजेची किंमत समजावून सांगावी लागत नाही. मी तिथेच पलंगावर बसलो. मला रडू आलं, हे आईने सांगितलं तर ते खरं आहे असं समज.

तो स्टॅम्प पेपर तू विसरली नसशील. २०१९ मध्ये तू निघण्याच्या आदल्या दिवशी मी तुला रिसोडला नेलं, नोटरीसमोर उभं केलं आणि लिहून घेतलं. मी, कुमारी स्नेहा माणिकराव पडघान, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की दोन वर्षांचं शिक्षण संपताच मी कायमची परत येईन. तू सही करताना माझ्याकडे पाहिलंस, मी कागदाकडे पाहत होतो. त्या कागदाला कायद्याने काडीची किंमत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. शंकाही तुझ्यावर नव्हती. मला भीती वाटत होती. भीती वाटते असं बापाने लेकीला कसं सांगायचं ते मला येत नव्हतं, अर्ज-दाखल्यांची भाषा येत होती, तर मी ती वापरली. मग दोन वर्षं झाली, तू तिथेच नोकरी धरलीस, आणि मी त्या कागदाचा फोटो काढून एक शब्दही न लिहिता तुला पाठवला. त्यावर दोन निळ्या खुणा उमटल्या आणि त्यानंतर आजपर्यंत काही नाही. तुझं आणि धम्मरत्नचं लग्न आम्ही मोबाइलवर पाहिलं. सात वर्षांत तू एकदाही रिठदला आली नाहीस. पोरगी परत येणार नाही हे मला आधीच माहीत होतं, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. पण आठ दिवसांसाठीसुद्धा तू का आली नाहीस, हे मी कोणाला सांगितलं नाही. आली असतीस तर दारातच मी तुला कधीची आलीस याऐवजी परत कधी जाणार असं विचारलं असतं. तुला ते ठाऊक होतं. ज्या कागदाने तू परत यावीस असं मला वाटत होतं, त्यानेच तुझी वाट अडवली.

एवढं सगळं लिहिलं ते एकाच कामासाठी. तो स्टॅम्प पेपर या पाकिटात, पत्राच्या मागे ठेवला आहे. माझ्याकडे त्याची झेरॉक्ससुद्धा ठेवलेली नाही, आणि माझ्यासारख्या माणसाने झेरॉक्स ठेवली नाही यावर तू शंका घेऊ शकतेस, ती मात्र वाजवी नसेल. त्यावर मी लाल शाईने लिहिलं आहे: ही अट घालण्याचा अधिकार नव्हता, रद्द. खाली सही आहे. तुला हवा तर फाड, हवा तर जपून ठेव. मी पावसाळ्यानंतर पुन्हा अर्ज करणार आहे, या वेळी फुलचंद सांगेल तेवढेच कागद लावून; विहार समितीने राजीनामा परत घ्या म्हणून दोनदा निरोप पाठवला आहे, तो घेतो. पण तेवढी वाट पाहायची नसेल तर तूच ये, परतीचं तिकीट काढूनच ये, मी तारीख विचारणार नाही. परवा मी आईला मुंबईला विमानात बसवीन. ती पोचली की तू हे पाकीट उघडशील. कागद मिळाल्याची लेखी पोच मला नको. फोन कर, आणि या वेळी तिच्या नाही, माझ्या नंबरवर.

तुझाच,
बाबा