शिफ्टच्या डोक्यावर एंटर

४ जून
दातांच्या दवाखान्यात नवा लॅपटॉप आला. टाईप करायचं काम माझं. शिफ्टचं बटण कापून नखाएवढं केलंय, आणि त्याच्या डोक्यावर एंटर! मराठीत करंगळी सारखी शिफ्टकडे धावते. पडते एंटरवर. एका पत्रात सव्वीस रिकाम्या ओळी. डॉक्टर म्हणाले, "कविता करताय का?"
अक्कलदाढेवर!

५ जून
डिलीटला चिकटून बंद करायचं बटण. कुणाची ही अक्कल? आज दोनदा अख्खा लॅपटॉप झोपवला. समोर सुजलेला गाल धरून पेशंट उभा, आणि मी काळ्या पडद्यात स्वतःचंच तोंड बघतेय.

६ जून
शिफ्टवर लाल कागद चिकटवला. आता लाल कागद दिसतो — आणि बोट एंटरवरच पडतं. नवरा म्हणतो, "बावीस वर्षं टायपिंग करतेस ना?" करते! म्हणून तर जास्त लाज वाटते.

८ जून
ताईला लिहायचं ठरवलंय. आई गेली त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून अबोला. तिचं एकच — "आई हॉस्पिटलात होती आणि तू मला कळवलं नाहीस." माझंही एकच — फोन लावला होता, लागला नाही. एकदाचं मुद्देसूद लिहून टाकते. मोबाईलवर नाही, कीबोर्डवर. टायपिस्ट आहे मी!

९ जून
मेले!
जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉपवर व्हॉट्सॲप उघडून बसले. पहिलंच वाक्य — "ताई, चूक माझी अजिबात नव्हती." 'माझी'पर्यंत सुखरूप पोचले. 'अ'ला शिफ्ट लागतो. करंगळी गेली एंटरवर, आणि मेसेज गेला ताईकडे.
"ताई, चूक माझी"
एवढाच! तीन वर्षं जपलेला ताठा एका करंगळीनं घालवला. पुसायला धावले तर घाईत लॅपटॉपच बंद केला. तो सुरू होईपर्यंत तिनं वाचलं होतं.

१० जून
ताईचं उत्तर — "एवढंच ऐकायचं होतं गं. रविवारी येते."
आता 'अजिबात नव्हती' कुठल्या तोंडानं पाठवू? नवरा हसून हसून बेजार. "त्या कीबोर्डाला पगारवाढ द्या म्हणावं!"

१४ जून, रविवार
ताई आली. केस पिकलेत. दारातच माझा हात धरला, बराच वेळ सोडला नाही. मेसेज चुकून गेला, असं सांगणार होते. नाही सांगितलं.
फोन मी लावलाच नव्हता. शेवटचे दोन दिवस आई मला एकटीला हवी होती.