कोऱ्या प्लेटांचा आठवडा

बाई,

परवा नातसून पणतूला लस टोचायला प्रकाशा गावच्या दवाखान्यात घेऊन गेली, तेव्हा मीही मागोमाग गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण घरी बसलो असतो तर लस थंड ठेवली असेल ना, सुई नवी असेल ना, पोर तापलं तर गाडी मिळेल ना, हेच डोक्यात घोळत राहिलं असतं. सुई एकदा वापरून टाकतात हे मला घरात चार वेळा सांगून झालंय, तरी मी नर्सताईंना पाचव्यांदा विचारलं. नातसून म्हणाली, "आबा, सुई पोऱ्याले टोचनार शे, तुम्हले नही. बाहेर बसा ना जरा." बायका हसल्या. मी उठलोच होतो, तेवढ्यात नर्सताई कार्डावर खूण करत म्हणाल्या, ही न्यूमोकोकलची, न्यूमोनियाच्या जंतूवरची. मी परत खाली बसलो. हा शब्द मी शेवटचा तुमच्या तोंडून ऐकला होता. यात कोणकोणत्या जातींचा जंतू धरलाय, असं मी विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. असं आजवर कुणी विचारलं नाही म्हणाल्या. तेव्हापासून तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, ती मला स्वस्थ बसू देत नाही. तुम्हाला जाऊन वीस-पंचवीस वर्षं झाली, हे मला कळतं. तरी लिहितो.

सातवी शिकलेला माणूस विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात, तुमच्या जंतूंच्या प्रयोगशाळेत काय करणार, असं गावात सगळे म्हणत होते. मेंढ्या सांभाळायला घेतलंय म्हटल्यावर तर हसूच झालं. मेंढ्या तर इथंही आहेत की. पण तुमच्या तीन मेंढ्या वेगळ्या होत्या. दर शनिवारी पाळीनं एकीच्या मानेतून बाटलीभर रक्त काढायचं, बाटलीत काचेचे मणी टाकायचे आणि हलवत राहायचं, म्हणजे रक्त गोठत नाही. किती वेळ हलवू, असं मी दर शनिवारी विचारायचो. एकदा तुम्ही माझ्या हातातली बाटली घेऊन माझ्या कानाशी धरली. मणी आधी खळखळ वाजतात, मग त्यांना धागे चिकटले की आवाज बसतो. तो बसला की थांब, म्हणालात. ते रक्त घालून तुम्ही काचेच्या प्लेटा ओतायच्या, लाल, गुळगुळीत. त्यावर आजारी लेकरांच्या छातीतला जंतू लावायचा, प्लेटा बरणीत रचायच्या, आत मेणबत्ती पेटवून झाकण लावायचं. हवा संपून ज्योत विझते, तसल्या कोंडलेल्या हवेत हा जंतू चांगला वाढतो. सकाळी तुम्ही दारातूनच विचारायच्या, "उगनं का रे?" माझी बोली तुम्ही एवढीच शिकलात, पण ती रोज वापरलीत.

तुमच्या कपाटात जंतूंचा संग्रह होता, दोनशेच्या वर, प्रत्येक एका लेकराचा. काही लेकरं वाचली होती, काही नाही. तुम्ही मला सांगायच्या की या जंतूच्या अंगावर साखरेचा अंगरखा असतो आणि प्रत्येक जातीचा अंगरखा निराळा. पेनिसिलिन नव्हतं तेव्हा रोग्याची थुंकी उंदराला टोचून जात ओळखायचे आणि त्याच जातीवरचं सिरम, म्हणजे जनावराच्या रक्तातून काढलेलं औषध, द्यायचे. जात चुकली तर औषध वाया. पुढं पेनिसिलिन आलं, आणि जाती कोण बघतो असं सगळे म्हणू लागले. तुम्ही बघत राहिलात. आपल्याकडच्या लेकरांत कोणते अंगरखे फिरतात ते कळल्याशिवाय आपल्या कामाची लस होणार नाही, म्हणायच्या. पण हा जंतू असा की दोन दिवसांच्या वर एका प्लेटीवर ठेवला तर स्वतःलाच खात हळूहळू संपत जातो. त्याला एक दिवसाआड नव्या प्लेटीवर न्यावं लागे, आणि गोठवून ठेवायचं यंत्र आपल्याकडे नव्हतं. "इथं निवांत माणूस कामाचा नाही," तुम्ही म्हणालात, "तू काळजीखोर आहेस तेच बरं आहे." बाई, माझ्या या स्वभावाला कुणी बरं म्हटलं ते तेवढंच. बाप, बायको, मुलं, सगळ्यांनी नावंच ठेवली.

त्याच स्वभावानं घात केला. एका शुक्रवारी मोठी मेंढी लंगडताना दिसली. खूर पिकला होता. बापाची एक मेंढी अशीच गेली होती, ते आठवलं. जनावरांचा डॉक्टर सोमवारी यायचा होता. मी वॉर्डातल्या कंपाउंडरला गळ घालून पेनिसिलिनची बाटली आणली आणि मेंढीला टोचली. शनिवारी पाळी तिचीच होती, मी रक्त काढून दिलं. सोमवारी तुम्ही सगळा संग्रह नव्या प्लेटांवर घेतला. मंगळवारी सकाळी प्लेटा कोऱ्या. जखमांचे दुसरे, पेनिसिलिनला दाद न देणारे जंतू त्याच रक्तावर झकास वाढले होते, म्हणून रक्ताकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. तुम्ही बरणी बदलली, मेणबत्ती बदलली, पुन्हा प्लेटा ओतल्या, त्याच बाटलीतल्या रक्ताच्या. बुधवारी परत कोऱ्या. जुन्या प्लेटांवरचे जंतू मरत चालले होते. तुम्ही स्टुलावर बसलात आणि म्हणालात, "माझ्याच हातून काहीतरी चुकतंय." तुमचा डबा त्या दोन दिवसांत उघडलाच नाही.

गुरुवारी सकाळी मी येऊन सगळं सांगितलं. नोकरी अजून पक्की नव्हती, घरी दोन लेकरं होती. तुम्ही आधी उठून दुसऱ्या मेंढीचं रक्त काढायला लावलं. ते हलवून झाल्यावर बोललात. "मेंढीला औषध दिलंस ते चांगलंच केलंस. मला न सांगता दिलंस, ते पुन्हा करायचं नाही." शुक्रवारी प्लेटांवर जंतू उगवला. नऊ जंतू मात्र परत आले नाहीत. त्या नऊ लेकरांच्या नावांवर तुम्ही हळूच रेघ मारलीत. मग मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलंत. थेंबात सिरम पडलं आणि जंतूंच्या त्या एवढ्याशा जोडगोळ्यांभोवतीचा अंगरखा फुगून चमकायला लागला. शिपायाला त्या खुर्चीवर तोवर कुणी बसवलं नव्हतं. पुढं तुम्ही साहेबांना सांगून मला कायम केलंत. दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "याच्या लक्षात आलं त्याच क्षणी यानं येऊन सांगितलं. असं काम करा."

त्या वाक्यावर मी जन्म काढला, बाई. पुढं कधी काही फुटलं, सांडलं, विसरलं, तर आधी येऊन सांगत गेलो. घरीही तसंच. मुलं म्हणतात बाप काळजीखोर आहे, पण लपवत नाही. हे तुमचं देणं आहे. परवा पणतू जरा रडला आणि झोपला, ताप आला नाही, तेही तुमच्यासारख्यांचंच देणं.

पण त्या मंगळवारी, प्लेटा पहिल्यांदा कोऱ्या निघाल्या त्याच दिवशी, तुम्ही विद्यार्थ्यांना शिकवत होतात की पेनिसिलिनचा अंश असला तरी हा जंतू उगवत नाही. मी मागं काचा धूत होतो. मला तेव्हाच कळलं होतं.