तळहातावरची पिल्सनर

गुडगाव, १२ नोव्हेंबर २००९

ती. बाबांस,
तनयचा साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. खानावळ शाकाहारी मिळाली. थंडी आहे, पण आईने दिलेला स्वेटर पुरतो. तिचा गुडघा कसा आहे?

फोनवर सांगवेना म्हणून लिहितो. सातपूरहून आणलेल्या आमच्या टाक्या दुधाच्या आहेत असं मी म्हणालो होतो. त्या बिअरच्या आहेत. इथला बिअरचा कारखाना छोटासा आहे, आणि पिल्सनर नावाची त्यांची पहिलीच बिअर काल तयार झाली. मालक म्हणाले, "हिला धातूची चव येते. दोष तुमच्या वेल्डिंगचा. स्वतः चाखून बघा." वेल्डिंग माझंच. सोबतचा मोतीराम कानाशी पुटपुटला, "चाखू नको, नाय येत म्हनून सांग."

सगळे बघत होते. मालकांनी ग्लास पुढे केला आणि मी सवयीने उजवा तळहात धरला. त्यांनी त्यावर थोडी ओतली. गार, कडवट, आणि मागून धातू. लहानपणापासून तुमच्या तांब्याच्या पळीने तीर्थ घेतलंय, ती चव ओळखायला चुकलो नसतो. ओला हात डोक्यावरून फिरवला, तेव्हा भानावर आलो.

"चव आहे," म्हणालो. आता टाकी उघडून पुन्हा जोडायची. हे कळल्यापासून सातपूरचे आमचे साहेब माझा फोन उचलत नाहीत.

दारूला शिवणार नाही, हा रामकुंडावर दिलेला शब्द मोडला. घरी आल्यावर पूजेनंतर तुम्ही तीर्थ द्याल. पळी थांबवायची असेल तर आधी कळवा, म्हणजे आईसमोर मी हात पुढे करणार नाही.

तुमचा,
तनय