घरटी एक लाकूड

बाबा,

तुम्हाला जिथं जाळलं ती जागा लेआउटमध्ये गेली. तलावाच्या पाळीखाली, मोहाच्या झाडांजवळ, जिथं आपल्या गावाचे सगळे मेलेले जळत आले, तिथं आता मुरूम पसरलाय आणि चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेत. तुम्ही नेमके कोणत्या प्लॉटात येता ते मला सांगता यायचं नाही. पण जागा सावली गावाकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे, म्हणून तिच्यावर उड्या पडतात. जिवंतपणी तुम्हाला पार्टीच्या स्टेजवर बसायला खुर्ची मिळाली नाही, आता तुमच्या राखेवर कुणीतरी दोन मजली घर बांधेल. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. एवढी बातमी कळवायला मी लिहायला बसले असं मात्र समजू नका. मला तुमच्याशी भांडायचं आहे, आणि तुम्ही उलटून बोलू शकत नाही याचं मला बरं वाटतंय.

आपल्याकडे मयत झालं की घरटी एक लाकूड. बोलावणं नाही, आठवण करून देणं नाही. आपापल्या घरून एक लाकूड आणायचं, मेलेल्याच्या दारात ठेवायचं, तिथून ते बैलबंडीत भरून घाटावर जायचं. वैर असलं तरी द्यायचं, फार तर न बोलता ठेवून परतायचं. हे मला तुम्हीच शिकवलं होतं. समोरच्या घरचे काका तर तुमचे लहानपणापासूनचे सोबती, त्यांच्या बंडीत बसून तुम्ही दोघं मंडईला जायचात. मग ग्रामपंचायतीला ते दुसऱ्या पार्टीकडून उभे राहिले, निवडून आले, तुमचा माणूस पडला, आणि तेव्हापासून तुम्ही त्यांच्या विहिरीकडे पाहून थुंकायला लागलात.

काका गेले तेव्हा मी शाळकरी पोर आहे. सकाळ आहे, समोर मयत म्हणून आईनं चूल पेटवलेली नाही. ती घरामागच्या सांदवाडीतून एक वाळकं लाकूड काढून माझ्या खांद्यावर देते आणि मी निघते. रस्त्याच्या मध्यावर तुमची हाक येते.

"कुठी चालली?"

"काकाले लाकूड द्याले."

"आपल्या घरचं लाकूड त्या झेंड्याले नाई लागनार. चाल माघारी."

आई दारातून म्हणते, "मयताले कोनती पार्टी असते जी?"

"तू चूप राह्य," तुम्ही तिला म्हणता, आणि थप्पड मला मारता. सगळ्या गल्लीनं ती पाहिली. तुम्ही कार्यकर्ता म्हणून कसे होतात मला माहीत नाही, पण त्या दिवशी तुमचा प्रचार फार चांगला झाला, कारण आपल्या बाजूच्या एकेका घरानं दारात काढून ठेवलेलं लाकूड आत नेलं. दुपारी समोरून कुऱ्हाडीचा आवाज यायला लागला. काकी बंडी फोडत होती. ज्या बंडीत बसून तुम्ही मंडईला जायचात तीच. तिच्या धुऱ्या, चाकं, सगळं काकांसोबत गेलं. तुम्ही ओसरीत बसून पेपर वाचत होतात आणि बराच वेळ पान उलटत नव्हतात, हे मी पाहिलं. त्याचं श्रेय मी तुम्हाला देणार नाही.

पुढे तुम्ही गेलात तेव्हा दारात लाकडांचा ढीग झाला. पार्टी सत्तेत होती ना! तिरडीवर झेंडा टाकला, जिल्ह्याचे साहेब आले, शोकसभेत त्यांनी तुमचं नाव चुकीचं घेतलं, आणि तुमच्या सोबतच्या एकाही माणसानं ते दुरुस्त केलं नाही. काकीच्या घरून लाकूड आलं नाही. मी दारात उभी राहून तिची वाट पाहिली होती, आणि ती आली नाही म्हणून मला तिचा राग आला नाही, तुमचा आला.

आता आजचं ऐका. गावाची नगरपंचायत झाली. निवडणुकीत आपल्या वॉर्डात तुमच्या पार्टीकडून तुमचा लेक उभा राहिला आणि समोरून काकांचा. भोंग्यांवरून दोघांनी एकमेकांचे बाप काढले, म्हणजे तुम्हीही निघालात. आपल्या बाजूचे लोक समोरच्या बाजूचा चहा पिईनात, त्यांची पोरं आपल्या दळणाच्या चक्कीवर येईनात. आईचं दुखणं वाढलं म्हणून मी तेव्हा पोंभुर्ण्याहून माहेरी येऊन राहिले होते. एका दुपारी तिला श्वास लागला आणि भावाचा फोन लागेना. कुणीतरी म्हणालं, लेआउटवाल्याच्या ऑफिसात पहा. हा लेआउटवाला चंद्रपुराहून आलेला, गोड बोलणारा, सगळ्यांना भाऊ म्हणणारा. मी दार ढकललं तर तुमचा लेक आणि काकांचा लेक एका ताटात मटण जेवत होते. लेआउटवाला स्वतः वाढत होता. काकांच्या लेकानं नळी फोडून माझ्या भावाच्या पुढ्यात ठेवली, आणि मला पाहून म्हणाला, "या ताई, बसा जेवाले."

मी आईचं सांगितलं तसा भाऊ हात धुऊन मला बाहेर घेऊन आला. "असी पाहून काऊन राह्यली? गाड्या लेआउटवाल्याच्या, भोंगे त्याचेच, माह्यावालेही अन् समोरच्याचेही. कोनीबी निवडून आलं तं त्याचंच काम होनार हाये."

"मंग गल्लीत भांडनं कायले लावता?"

"भांडन नाई तं मत कोन देनार व ताई? झगडा लोकाइसाठी असते."

बाबा, तो हसत होता. हसताना अगदी तुमच्यासारखा दिसतो. तुम्ही त्या झगड्यासाठी सोबत्याच्या चितेचं लाकूड परत फिरवलंत, आणि तुमच्या लेकाला तो भाड्यानं लावता येतो. दोघांत जास्त निर्लज्ज कोण ते मला अजून ठरवता येत नाही. तो निदान जेवला तरी.

काकांचा लेक निवडून आला. तुमचा लेक पडला आणि लगेच स्वीकृत नगरसेवक होऊन मागच्या दारानं त्याच सभागृहात गेला. पहिल्याच सभेत ठराव आला, घाटाची जागा लेआउटला देऊन स्मशानघाट गावाबाहेर राइस मिलमागं हलवावा, जिथं कोंडा टाकतात आणि हात धुवायला पाणी नाही. मांडला काकांच्या लेकानं, पाठिंबा दिला तुमच्या लेकानं, विरोधात एक हात वर आला नाही. दोघांचेही बाप त्याच घाटावर जळले होते. आपल्या गावात एकमत कधी होत नाही म्हणून तुम्ही हळहळायचात. झालं बघा एकमत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. मी दारात उभी राहिले. आपल्या बाजूची काही लाकडं आली, पण घाट विकला म्हणून आपलेच बरेच जण भावावर चिडले होते, ते आले नाहीत. समोरच्या बाजूनं दारं लावून घेतली. त्यांचा पुढारी आपल्या पुढाऱ्याच्या ताटात जेवतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी मानलं नसतं. तुमची थप्पड अजून चालते, बाबा. मग लेआउटवाल्याचा ट्रॅक्टर लाकूड भरून आला. सगळं ओलं. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, "घाटावरचे मोहं होते न जी, लेआउटमधले, ते तोडले." माझा भाऊ मागून आलेल्या लेआउटवाल्यापुढे हात जोडून, उपकार मानत रडला. आई त्या ओल्या मोहावर जळेना. डिझेल ओतावं लागलं. संध्याकाळी भाऊ परत आला तेव्हा त्याच्या कपड्यांना डिझेलचा वास होता, आणि तो आंघोळ करून थेट झोपला.

ट्रॅक्टर निघायच्या आधी काकी आली होती. पार वाकली आहे, पण एक लाकूड दोन्ही हातांनी छातीशी धरून तिनं भर दुपारी रस्ता ओलांडला. तिचा लेक ओट्यावरून ओरडत होता, तिनं मागं पाहिलं नाही. लाकूड माझ्या पायाशी टाकलं. मी वाकायला गेले तर म्हणाली, "पाया नोको पडू. हे काई माया नोय. तुह्या बापानं नाई देल्लं, म्हनून मी देतो. त्याले मालूम झालं पायजे." आणि गेली. वाळकं, जड, सागाचं लाकूड होतं. त्या सगळ्या गाडीत तसं एकही नव्हतं.

ते मी ट्रॅक्टरमध्ये टाकलं नाही. सांदवाडीत भाताच्या तणसाखाली लपवलं, आणि तेरवी झाल्यावर गोणपाटात गुंडाळून एसटीनं पोंभुर्ण्याला घेऊन आले. कंडक्टरनं विचारलं, तर पाट करायचं लाकूड आहे म्हणाले. माझ्या मयतीला किती घरांतून काय येईल याचा मला आता भरवसा नाही, म्हणून ते माझ्या ओसरीत माझ्यासाठी उभं करून ठेवलंय. आई डिझेलवर जळत होती आणि घरात वाळकं लाकूड होतं, हे मी भावाला सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगणार नव्हते.