न फोडलेला नारळ

मंगळवार, संध्याकाळ

नारळ महिनाभर फडताळात पडून आहे. फोडायचा धीरच होत नाही. दवाखान्यातून घरी जाताना जळकोटच्या कौसाबाईंनी माझी ओटी भरली होती, तीही सुजलेल्या हातानं. त्याच्या आदल्या दुपारी त्या म्हणाल्या, "सिस्टर, हात लई ठणकतोय." मी सलाईनची सुई बघितलीसुद्धा नाही. सलाईन शिरेबाहेर चाललं होतं. आता त्यांची दोन बोटं मिटत नाहीत.

आज त्यांची मुलगी रेखा केसपेपरची नक्कल मागायला आली. हक्कच आहे तिचा. मॅनेजर हसून म्हणाले, "तुमच्या आईनं खुशीनं सिस्टरची ओटी भरली की! मग तक्रार कसली?"

अन् मीच बोलून गेले, "ओटी मायेनं भरली साहेब, चूक माफ केली नव्हती." नक्कल तर दिलीच, वर झालेली चूकही लिहून सही केली. नोकरी? बघू. मन मात्र हलकं झालंय.

जिन्यात रेखानं आईला फोन लावला. "तक्रार तर आमी करणारच, सिस्टर. पण आई विचारती, नारळ गोड निघाला का?"

"फोडलाच नाही अजून."

तिनं आईला सांगितलं, ऐकलं आणि हसली. "आता फोडा म्हणती."