भट्टीतली अक्षरं

कालिम्नोस, वरचं गाव
१२ मार्च १९३८

चिरंजीव नोमिकोस यास थेमेलिनाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आम्ही बरे आहोत. आईचा मोतीबिंदू वाढलाय, जीभ मात्र शाबूत आहे. तुला गावी परतायचा परवाना मिळाला, वाचून आनंद झाला. म्हणजे, व्हायला हवा होता. अरे, इतरांनी नाकं घासली तरी मिळाला नाही, तो तुला कसा मिळाला? तू तर अलेक्झांड्रियात बसून इटलीवाल्यांविरुद्ध सह्या गोळा करणारा! रागावू नकोस. हल्ली मला सगळ्यांचाच संशय येतो.

आपल्या ग्रीक भाषेची शाळा इटलीवाल्यांनी बंद केली, ते तुला ठाऊक आहे. मग सेवास्तीबाई गावच्या पावभट्टीत मुलांना शिकवू लागल्या. पाटी नाही, पुस्तक नाही. कणकेची अक्षरं वळायची, शिपाई दिसला की भट्टीत सारायची. भाजून निघाली की पोरं आपापलं नाव खाऊन मोकळी! लांब नावाच्या पोरी भारी खुशीत असायच्या.

गेल्या महिन्यात शिपाई आले ते थेट भट्टीपाशी. कुणाला काही विचारलं नाही. थाळे बाहेर ओढले, बाईंना रोड्स बेटावरच्या तुरुंगात नेलं. म्हणजे घरभेदी आमच्यातच, कणीक मळणाऱ्या बायकांतच.

सगळ्यांनी बोट ठेवलं पोथितीवर, भटारणीच्या नव्या सुनेवर. तिचा भाऊ इटलीवाल्यांच्या जकात नाक्यावर झाडू मारतो, एवढाच पुरावा. विहिरीवर तिला कुणी दोर देत नाही. "सून नाही, साप आणला मी घरात," सासूच म्हणाली. मीही मान डोलावली. पोर पोटुशी आहे रे.

आता ऐक. तुझं पत्र यायच्या आधीच आईने तुझ्या खोलीला चुना लावून घेतला, गादी उन्हात घातली.

"कुणासाठी गं?"

"येईल तो ईस्टरला."

"तुला कुणी सांगितलं?"

"तू तुझं काम कर."

मग पत्र आलं. वाचून दाखवलं, तर तिला नवल म्हणून नाही! मी पिच्छा सोडला नाही. शेवटी रडली. "मला वाटलं, बाईला दमदाटी करतील नि सोडतील. डोळे जायच्या आत लेकाला बघू नको का मी?"

तिचा गळा दाबावासा वाटला, आणि मी तिलाच पोटाशी धरलं.

मुलांची शिकवणी पुन्हा सुरू करायची आहे. पण एकमेकींवर भरवसा नसेल तर मळायला बसणार कोण? रविवारी चर्चबाहेर मी पोथितीचा हात धरून उभी राहणार, आणि सगळ्यांसमोर आईचं नाव घेणार. पुढे आमचं जे व्हायचं ते होवो.

तो परवाना फाडून टाक. हे पत्र कपितान सकेलारिस समुद्रातले स्पंज काढायच्या होडीतून लपवून आणतोय. तसाच तूही चोरून ये. आईला दिसलं नाही तरी हाताने चाचपून ती तुला ओळखेल. पण त्यांच्या मेहेरबानीवर दिवसाढवळ्या धक्क्यावर उतरलास, तर या गावात तुला बहीण नाही, हे समजून उतर.

अजून तरी तुझीच,
थेमेलिना