पऱ्हाटी पाण्यात उतरली

प्रिय शोभा,

काल कोकणातून घरी आलो. कुलूप उघडलं, चप्पल काढली आणि सवयीने दारातूनच ओरडलो, "शोभा, तरंगली वं आपली होडी!" मग आठवलं. शेजारी फक्त एवढंच विचारतात, "बुडली तं नाही ना?" जे पाहिलं ते पहिल्यापासून सांगावं अशी तूच एक आहेस, म्हणून आज वहीचा कागद फाडून बसलो आहे.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आपण कोकणात गेलो होतो, आठवतं? लोक तिकडे देवळं पाहतात, मासे खातात. तू खाडीच्या चिखलात कलंडलेली एक जुनी, शिडाची लाकडी होडी पाहिलीस आणि तिच्या पोटावर हात ठेवून उभी राहिलीस. "हिले घेऊन आपण अंदमानले जाऊ जी," म्हणालीस. मी हसलो. आणि वर्षभरात ती ट्रेलरवर चढून नागपूरजवळ कुहीला, तुझ्या भावाच्या धानाच्या खळ्याशेजारी, टिनाच्या छपराखाली येऊन उभी राहिली! माझी कोराडीच्या वीजकेंद्रातली नोकरी संपेपर्यंत दर रविवारी दुरुस्त करायची, मग समुद्रात न्यायची, असा आपला बेत. अख्खं गाव बघायला आलं. तुझा भाऊ म्हणाला, "होडी तं आणली भाऊजी, आता समुद्र कधी आणता?"

लाकडाची होडी नागपूरच्या उन्हाळ्यात ठेवू नये, एवढी साधी गोष्ट आपल्या दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. पहिल्याच मे महिन्यात फळ्या आकसल्या. आत बसलं की फटींतून बाहेरचं ऊन दिसायचं. मी डोकं धरून बसलो. तू मात्र शांत!

"घाबरून काहून राहिले जी? बाबांच्या बैलबंडीचं चाक नाही का उन्हाळ्यात खिळखिळं होत? तलावात टाकलं का फुगते अन् घट्ट होते. लाकूड पाणी पेते."

मी टर्बाइनवर आयुष्य काढलेला माणूस. फट दिसली की ती इपॉक्सीसारख्या कडक मसाल्याने कायमची बंद करायची, एवढंच मला कळायचं. केवढं भांडलो आपण! "फट पक्की बुजवली अन् मंग लाकूड फुगलं, तं ते जाईल कुठं? फळ्याच फुटतील," हा तुझा मुद्दा. बरेच दिवस अबोला झाला आणि शेवटी नेहमीप्रमाणे मीच हरलो. मग काटोलकडच्या माझ्या शेतातला कापूस तू आणवलास, आणि देवापुढच्या वळतेस तशाच, पण चांगल्या लांब वाती वळत बसलीस. मी त्या छिन्नीने फटींत ठोकायचो आणि वरून मऊ पुट्टी लावायचो. होडीचं नावही ठेवलंस पऱ्हाटी. समुद्रावर जाणारीला कोणी कपाशीच्या झाडाचं नाव ठेवतं का गं?

आणि तो खलबत्ता! होडीतल्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी खास खाच करून घेतलीस. का, तर वादळात सावजी मसाला कुटता आला पाहिजे. मी हसून हसून बेजार झालो होतो.

माझी निवृत्ती झाली, शिडं शिवून आली, आणि तू आजारी पडलीस. पुढचं लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. पण विचारतो, इतकी कसली घाई होती? सोबत जायचं ठरलं होतं ना आपलं? मी अजून रागावलेलो आहे तुझ्यावर.

तू गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी रोज कुहीला जाऊन होडीवर पोती टाकून ती भिजवली. त्या उन्हापुढे माझं काय चालणार! फटी पुन्हा उघडल्या, आणि पावसाळाभर टिनाखाली राहिल्यामुळे पुरत्या मिटल्या नाहीत. आपली रश्मी मिहानच्या ऑफिसातून सुटी काढून आली. म्हणाली, "बाबा, इथंच राहू द्या नं तिले. बुडाली तं आईच्या हातचं काहीच नाही उरणार." खरं होतं तिचं. तू वळलेली वात न् वात त्या फळ्यांत होती. पण ती वळताना तुला कुहीचं खळं दिसत नव्हतं, अंदमान दिसत होतं. दिवाळी झाल्यावर मी ट्रेलर बोलावला. रश्मी कुरकुरत का होईना, सोबत आली.

बंदरावरचा दुरुस्तीवाला सगळा फायबरच्या होड्यांतला. फटी बघून म्हणाला, "काका, कडक मसाला भरा. नाहीतर ही सरळ तळाला जाईल." शोभा, माझ्या तोंडून 'भरा' निघणारच होतं. पण म्हणालो, "नाही. हिच्या मालकिणीने नको सांगितलं आहे."

क्रेनच्या पट्ट्यांत धरूनच तिला पाण्यात उतरवलं. आणि चहूकडून पाणी! प्रत्येक फटीतून धार. मी आत गुडघाभर पाण्यात उभा, पंप धडधडतोय, रश्मी काठावरून ओरडतेय, "बाबा, बाहेर या नं!" मी एकच म्हणत होतो, पट्टे सोडू नका. वाटलं, आज तुला दुसऱ्यांदा घालवतो मी.

दुपारनंतर धारा बारीक झाल्या. संध्याकाळी नुसतं ठिबकत होतं. सकाळी जाऊन पाहतो तर तळाला नवं पाणी नाही! आदल्या दिवशी जिथे बोट शिरत होतं, तिथे नखसुद्धा शिरेना. लाकूड पाणी प्यायलं होतं, फुगलं होतं, तुझा कापूस मधे गच्च दाबला गेला होता. एवढी मोठी होडी, आणि तिने स्वतःच स्वतःला मिटून घेतलं! इतकी वर्षं मोठाली यंत्रं पाहिली गं, पण असं काही पाहिलं नव्हतं. मी तिथेच हात जोडले. समुद्राला जोडले, लाकडाला की तुला, मला सांगता येणार नाही.

मग पट्टे सोडले. पऱ्हाटी जराशी डुलली आणि पाण्यावर बसली. रश्मी आत आली, फळीला कान लावून खूप वेळ बसली. "कुरकुर करून राहिली बाबा," म्हणाली, आणि रडली. मीही रडलो.

पुढच्या आठवड्यात निघतो. थंडीत समुद्र शांत असतो म्हणतात. आपण दोघं तलावात शिडाची होडी हाकायला शिकलो तेवढी विद्या आहे आणि सोबतीला एक जाणता नाखवा. पहिला टप्पा गोवा, तिथपर्यंत रश्मीही येते आहे. मग दक्षिणेला वळसा घालून तुझं अंदमान. इथे खलबत्ता न्यायला आलो होतो. पिशवीत भरला आहे.

तुला वचन देतो, पऱ्हाटीला आता काठावर सुकू देणार नाही. मीही सुकत बसणार नाही. तू गेल्यापासून मी किती आकसलो होतो, ते त्या पाण्यात उभं राहिल्यावर मला कळलं.

तू मला कधी नावाने हाक मारली नाहीस. म्हणून सहीसुद्धा तुझ्या हाकेचीच करतो.

तुझाच,
जी